मागच्या बाळंतपणानंतर नैराश्य आलं होतं? मग या वेळची मदत फोनवर आधीच लावून ठेवा

मला सगळ्यांत आवडणारा फोन सातव्या-आठव्या महिन्यात येतो. पलीकडची बाई जरा अवघडून म्हणते, "मला आत्ता काही होत नाहीये हो. पण मागच्या वेळी फार वाईट गेलं होतं, म्हणून म्हटलं विचारून ठेवावं." असा फोन आला की मला बरं वाटतं, कारण आमच्या हातात वेळ असतो. दुसऱ्या प्रकारचा फोन बाळ दीड-दोन महिन्यांचं झाल्यावर येतो, तोही बहुतेकदा नवऱ्याच्या नाहीतर बहिणीच्या नंबरवरून. मदत तेव्हाही होते. पण तोवर त्या बाईला साधा अपॉइंटमेंटचा फॉर्म भरणंही जड झालेलं असतं, आणि डॉक्टर शोधणं, फी विचारणं, सगळी कहाणी पहिल्यापासून सांगणं हे सगळं तिच्याच डोक्यावर येतं.

मी समुपदेशक आहे आणि माझं बहुतेक काम आता फोनवर आणि व्हिडिओवर चालतं. माझ्याकडे येणाऱ्यांत एकदा यातून गेलेल्या आया बऱ्याच असतात. त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. उदाहरणं खऱ्या संभाषणांवरून घेतली आहेत, ओळख पटेल असं सगळं बदलून.

आधी का

एकदा बाळंतपणानंतरचं नैराश्य येऊन गेलेलं असणं ही पुढच्या वेळच्या धोक्याची सगळ्यांत ठळक खूण मानली जाते. पुन्हा होईलच असं नाही, पण बेसावध राहण्याइतका हा धोका लहानही नाही. त्यात आणखी एक गोष्ट आहे. आपण 'बाळंतपणानंतरचं' म्हणतो, पण अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ सालच्या डीएसएम-५ या निदानग्रंथात स्पष्ट नोंद आहे की अशा नैराश्याच्या निम्म्या घटना खरं तर बाळंतपणाच्या आधीच सुरू झालेल्या असतात. म्हणजे "बाळ झाल्यावर बघू" म्हणताना निम्म्या जणींची वेळ तेव्हाच निघून गेलेली असते.

फोनवरच्या बोलण्याने खरंच फरक पडतो का, हे मला प्रत्येक घरातून कुणीतरी विचारतंच, बहुतेकदा फी देणारी व्यक्ती. दोन अभ्यास मला पाठ आहेत. २००९ साली कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात सिंडी-ली डेनिस यांच्या गटाने धोका जास्त असलेल्या ७०१ नव्या आया घेतल्या. निम्म्या जणींना नेहमीची सेवा होतीच, शिवाय अशा स्वयंसेविका फोन करत, ज्या स्वतः या आजारातून बऱ्या झालेल्या आया होत्या. त्यांचं प्रशिक्षण फक्त चार तासांचं होतं. बारा आठवड्यांनी फोन येणाऱ्या गटात १४ टक्के आयांमध्ये नैराश्याची लक्षणं दिसली, दुसऱ्या गटात २५ टक्के. दुसरा अभ्यास २०२५ सालचा, अमेरिका आणि कॅनडातल्या १,२३० गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रियांवरचा. त्यात व्हिडिओवरचे उपचार समोरासमोरच्या उपचारांपेक्षा कमी पडले नाहीत. परिचारिका, सुईणी अशा प्रशिक्षित माणसांनी केलेलं कामही तज्ज्ञांच्या कामाइतकंच उतरलं.

तेव्हा "फोनवर काय होणार" हा प्रश्न आता मिटायला हरकत नाही. फोनवर काय होत नाही, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्याकडे पुढे येते.

एक कागद

सुरुवात डॉक्टर शोधण्यापासून करू नका. आधी मागच्या वेळचा एक पानाचा कागद लिहा. तुम्ही बऱ्या असताना लिहा, कारण आजारी असताना आठवण फसवते. तेव्हा एकतर सगळं भयंकर वाटतं, नाहीतर "तेवढं काही नव्हतं" वाटतं.

कागदावर हे असावं: बाळ किती दिवसांचं असताना सुरू झालं. घरात आधी कुणाच्या लक्षात आलं. कोणती गोळी, किती डोस, किती आठवड्यांनी फरक जाणवला, कशामुळे बंद केली. थायरॉइड किंवा रक्ताच्या तपासणीत काही निघालं होतं का. जीव द्यावासा वाटला होता का, त्यासाठी काही केलं होतं का. हा शेवटचा प्रश्न सगळ्या जणी गाळतात. गाळू नका, पुढच्या माणसाला तोच आधी लागतो.

आणि सगळ्यांत महत्त्वाची ओळ म्हणजे तुमची पहिली खूण. पुस्तकातली नव्हे, तुमची. एका आईने लिहिलं होतं, "बाळाच्या पाजण्याच्या वेळा वहीत लिहायचे, मग मिनिटं लिहायला लागले, मग मिनिटं चुकली की रडायला लागले." दुसरीचं होतं, "फोन वाजला की पोटात गोळा यायचा, मग फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला लागले." तिसरीला दुःख असं झालंच नव्हतं. तिला राग यायचा, भांडं पडलं तरी अंगाची लाही व्हायची. घरच्यांनी ते 'स्वभाव' म्हणून सोडून दिलं, तिनेही. ही खूण एकदा कागदावर आली की या वेळी तीन महिने कोड्यात जात नाहीत. त्या वेळी तुमच्या घरात राहणाऱ्या माणसालाही विचारा. नवऱ्याची आठवण आणि तुमची आठवण जुळत नसेल तर दोन्ही लिहा.

आणखी एक प्रश्न, ज्यासाठी मी मुद्दाम वेळ काढते. कधी असे दिवस गेले होते का, जेव्हा झोप जवळजवळ लागत नव्हती तरी थकवा नव्हता, डोकं भन्नाट पळत होतं, बोलणं थांबत नव्हतं, खर्च किंवा बेत हाताबाहेर जात होते? किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला बायपोलर आजार आहे का? उत्तर 'हो' असेल तर ते कागदाच्या अगदी वर लिहा. फक्त नैराश्याच्या गोळ्यांनी अशा व्यक्तीचं बिघडू शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या सायकोसिसचा, म्हणजे खरं-खोटं कळेनासं होतं अशा गंभीर मानसिक आजाराचा, धोका अशा स्त्रियांना कितीतरी जास्त असतो. मागच्या वेळी भास झाले असतील, भलतेच संशय आले असतील किंवा मानसोपचार विभागात दाखल व्हावं लागलं असेल, तर केवळ फोनवरच्या मदतीवर विसंबू नका. बाळंतपणाच्या आधीच जवळच्या मानसोपचारतज्ज्ञाला प्रत्यक्ष भेटा आणि तुमचं बाळंतपण करणाऱ्या डॉक्टरांची त्यांच्याशी गाठ घालून द्या. फोन मग जोडीला राहील.

माणूस निवडणं

औषध लिहून देतात ते मानसोपचारतज्ज्ञ. बोलून उपचार करतात ते मानसशास्त्रज्ञ किंवा समुपदेशक. मागच्या वेळी गोळ्या लागल्या असतील तर या वेळी दोन्ही माणसं ठरवून ठेवा, निदान दुसऱ्याचं नाव आणि नंबर तरी.

पहिल्या फोनवर विचारायचे माझे आवडते प्रश्न: गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या किती जणींबरोबर तुम्ही काम केलं आहे? मी ठरल्या वेळी फोन उचलला नाही तर तुम्ही काय करता? दोन सेशनच्या मध्ये मला गरज पडली तर कुणाला फोन करायचा? तुम्ही सुट्टीवर असाल तेव्हा कोण? मी राहते त्या भागात उपचार करायची तुम्हाला परवानगी आहे ना, आणि तुमची चिठ्ठी इथल्या दुकानात चालेल ना? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. "मग पुढची तारीख घ्या" एवढंच उत्तर आलं तर मी तरी दुसरं दार ठोठावीन. आमच्या कामात न उचललेला फोनही काहीतरी सांगत असतो.

कोणत्या पद्धतीने काम करतात हेही विचारा. विचारांवर काम करणारी सीबीटी, नात्यांतल्या ताणावर आणि बदललेल्या भूमिकांवर काम करणारी इंटरपर्सनल थेरपी आणि दिवसात छोट्या छोट्या कृती परत आणणारं बिहेवियरल ॲक्टिव्हेशन, या तिन्ही पद्धती या आजारात चांगल्या उपयोगी पडतात. नुसतं ऐकून "होईल बरं" म्हणणारी व्यक्ती मैत्रीण म्हणून छान, पण तिला फी देऊ नका.

डॉक्टरांसाठी माझी एक साधी परीक्षा आहे. "पाजत असताना गोळी चालेल का?" असं विचारा. काहीही न तपासता "मग दूध बंद करा" किंवा "मग गोळी बंद करा" असं ताडकन उत्तर आलं, तर दुसरं मत घ्या. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची काही औषधं दुधात फार थोडी उतरतात आणि पाजणाऱ्या आयांना ती नेहमी दिली जातात. लॅक्टमेड नावाचा इंटरनेटवरचा मोफत संग्रह आहे, त्यात कोणतं औषध दुधात किती उतरतं, याची औषधागणिक माहिती मिळते. वाचून स्वतः ठरवायला मी सांगत नाही, पण डॉक्टरांशी बोलताना उपयोग होतो. गोळ्या चालू असताना दिवस राहिले तर घाबरून एका रात्रीत बंद करू नका. लगेच फोन करा आणि विचारून काय ते करा. व्हॅल्प्रोएट (बायपोलर आजारात आणि फिट्सवर देतात ते औषध) चालू असेल तर हा फोन दिवस राहण्याचं ठरवायच्या आधीच झाला पाहिजे, कारण ते गर्भासाठी धोक्याचं आहे.

ॲपबद्दल थोडं. मूडची नोंद ठेवायला, श्वासाचे व्यायाम करायला ॲप ठीक. पण तुम्ही तिथे लिहिता ते कुठे जातं हे बघा. २०२३ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका मोठ्या ऑनलाइन समुपदेशन कंपनीवर ग्राहकांची आरोग्याची माहिती जाहिरातीसाठी पुढे दिल्याबद्दल कारवाई केली, आणि कंपनीला ७८ लाख डॉलर द्यावे लागले. चॅटबॉटशी रात्री तीन वाजता बोलून जरा हलकं वाटतं, असं काही जणी सांगतात. वाटू दे. पण तो उठून तुमच्या बहिणीला फोन लावणार नाही.

घरात बोलायचं कुठे

हा खरा अडथळा आहे. तंत्रज्ञानाचा नव्हे, भिंतींचा. दवाखान्यात दार लावून बोलता येतं. घरात बाजूच्याच खोलीत तो माणूस बसलेला असतो, ज्याच्याबद्दल बोलायचं आहे.

इअरफोनने माझा आवाज झाकला जातो, तुमचा नाही. म्हणून मी पहिल्याच दिवशी ठरवून घेते की गरज पडली तर मी असे प्रश्न विचारीन, ज्यांची उत्तरं 'हो', 'नाही' किंवा आकड्यात देता येतील. "शून्य ते दहात आज किती?" "सहा." बाहेरून ऐकणाऱ्याला काही कळत नाही. कुणी खोलीत आलं तर म्हणायचं एक वाक्य ठरवा. एका आईचं होतं, "बाळाच्या वजनाचं नंतर विचारते." ते कानावर आलं की मी लगेच लसीकरणाच्या तारखांवर बोलायला लागते. दाराबाहेर पंखा किंवा रेडिओ लावून ठेवला तर आवाज बराच मिसळतो. उभी असलेली गाडी, जिना, मैत्रिणीची रिकामी खोली या जागांवर मी खूप चांगली सेशन घेतली आहेत. काही जणींना बाळाला बाबागाडीत घालून चालता चालता बोलणं जमतं. त्यात समोर बघावं लागत नाही, म्हणून अवघड गोष्ट लवकर तोंडातून निघते. बोलायलाच जमत नसेल तर काही सेशन टाइप करून घेता येतात का, ते विचारा.

फोनवर येणाऱ्या मेसेजचा मजकूर लॉक स्क्रीनवर दिसणार नाही अशी सेटिंग करा. कॅलेंडरमध्ये 'समुपदेशन' लिहायची गरज नाही. फोन घरात दोघांचा असेल तर ते सांगा, मग माझ्याकडून मेसेज जाणार नाहीत, ठरल्या वेळी कॉलच येईल.

घरात मारहाण होत असेल, धमक्या मिळत असतील, तर हे सगळं अधिकच जपून करावं लागतं. तुम्ही एकट्या असल्याची खात्री झाल्याशिवाय त्याबद्दल प्रश्न विचारणारा समुपदेशक नको. व्हिडिओत कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते आम्हाला दिसत नाही.

सेशनमध्ये

पहिल्या पाच मिनिटांत तीन गोष्टी ठरल्या पाहिजेत: आत्ता तुम्ही नेमक्या कुठे आहात, फोन कटला तर कोण कुणाला लावणार, आणि तुमच्या घरातला किंवा शेजारचा दुसरा नंबर कोणता. पत्ता दर वेळी विचारला तर कंटाळू नका. एखाद्या दिवशी तुमच्याकडे मदत पाठवायची वेळ आली तर मला तो लागेल.

बाळ रडेलच. त्यासाठी माफी मागत बसू नका. कॅमेरा बंद करून पाजा, कडेवर घेऊन फेऱ्या मारा, काहीही करा. पाऊण तासाचं सेशन झेपत नसेल तर पंचवीस मिनिटांची दोन मागा. व्हिडिओ की फोन यावर माझं मत असं: पहिली भेट आणि औषध ठरवण्याची भेट व्हिडिओवर, बाकी बरंचसं फोनवर चालतं. स्वतःचा थकलेला चेहरा स्क्रीनच्या कोपऱ्यात बघत बोलणं काही जणींना असह्य होतं. तेवढी आपली चौकट लपवण्याची सोय बहुतेक ॲपमध्ये असते.

एक गोष्ट मात्र तुम्हालाच करावी लागेल. स्क्रीनवर मला तुमचा खांद्यापर्यंतचा भाग दिसतो. वजन उतरलंय, तीन दिवस अंघोळ नाही, हात थरथरतात, मागे घरात पसारा साचलाय, हे दिसत नाही. ते तोंडाने सांगा. आणि मी विचारीन तो एक प्रश्न आजच लक्षात ठेवा: बाळ झोपलेलं असतं आणि दुसरं कुणी सांभाळायला असतं, तेव्हा तुम्हाला झोप लागते का? बाळामुळे झोप न मिळणं ही सगळ्यांचीच तक्रार. झोपायची संधी असूनही झोप न लागणं ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती मला त्याच आठवड्यात कळायला हवी.

आता ज्याबद्दल कुणीच बोलत नाही ते. बाळ हातातून पडलं तर, जिन्यावरून फेकलं गेलं तर, सुरी दिसली की भलतंच चित्र डोळ्यांपुढे येणं. असे नको असलेले विचार नव्या आयांमध्ये खूपच आढळतात, नैराश्य नसलेल्यांमध्येही. ते आले की आईला धसका बसतो, ती सुऱ्या लपवते, बाळाला एकटी उचलत नाही. ही भीतीच सांगते की तिला तसं करायचं नाहीये. अशा विचारांवर चांगले उपचार आहेत, आणि ते ऐकून जाणकार समुपदेशक दचकत नाही. पण विचाराची भीती वाटेनाशी झाली, तो बरोबरच वाटायला लागला, कुणीतरी तसं करायला सांगतंय असं वाटलं, किंवा बाळ आपलं नाही, त्याच्यात काही वाईट शिरलंय असं वाटलं, तर ती तातडीची वेळ आहे. त्याबद्दल खाली लिहिलंय.

वेळापत्रक

ओळख करून घ्यायचं पहिलं सेशन आठव्या महिन्याच्या आत. नवव्यात एक सेशन, ज्यात घरातली एक व्यक्तीही असेल. मग बाळ झाल्यावर तिसऱ्या ते पाचव्या दिवसात दहा मिनिटांचा फोन. या दिवसांत रडू येणं, मन हळवं होणं बहुतेक जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. म्हणून पुढचा फोन दोन आठवडे पूर्ण होतील तेव्हा: ओसरलं का, की वाढलं? त्यानंतर सहा आठवडे दर आठवड्याला, मग तीन आणि सहा महिन्यांनी. दूध तोडताना आणि कामावर परत जाताना एकेक फोन जास्तीचा ठेवा.

या तारखांना एडिनबरा स्केल भरा. जॉन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली स्कॉटलंडमध्ये तयार केलेली ही नैराश्याची लक्षणं तपासायची दहा प्रश्नांची यादी आहे. गेल्या सात दिवसांबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ३ गुण, एकूण ३०. पाच मिनिटं पुरतात. एकटीने भरा, शेजारी बसून कुणी "अगं एवढं कुठे?" म्हणणार असेल तर ती भरून उपयोग नाही. आणि भरताना बरं दिसण्याची धडपड नको, ही परीक्षा नाही.

मी आयांबरोबर असं ठरवते: १० किंवा जास्त गुण आले तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. १३ किंवा जास्त आले तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञ. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्यात शून्य सोडून काहीही आलं, बाकी बेरीज कितीही कमी असली तरी, त्याच दिवशी फोन. तिसरा, चौथा आणि पाचवा प्रश्न स्वतःला दोष देणं, काळजी आणि घाबरण्याबद्दलचे आहेत. बेरीज कमी पण हे तीन चढलेले, असं दिसलं तर चिंतेबद्दल बोला. तुमच्या कागदावरची 'पहिली खूण' दिसली तर मात्र गुण मोजत बसू नका. ३० पैकी ७ आले म्हणून गप्प बसलेल्या बाईपेक्षा "मी परत मिनिटं लिहायला लागले" एवढा मेसेज टाकणाऱ्या बाईला मदत लवकर मिळते.

घरातल्यांनी काय करायचं

एक व्यक्ती निवडा आणि तिला माझ्याशी थेट बोलायची लेखी परवानगी द्या. नुसती मोघम नको. "ती दोन रात्री झोपली नाही, किंवा बाळाला घ्यायला नको म्हणाली, किंवा आपण नसलेलं बरं असं काही बोलली, तर तिने नको म्हटलं तरी फोन करा." हे वाक्य नवव्या महिन्यात, तुम्ही बऱ्या असताना, तुमच्याच अक्षरात असलेलं बरं. नंतर "माझ्या पाठीमागे का सांगितलंस?" हे भांडण होत नाही.

दुसरं काम झोपेचं. रात्रीतून चार-पाच तासांचा सलग तुकडा आईला मिळाला पाहिजे. तेवढ्या वेळात दुसऱ्याने बाळ सांभाळायचं आणि एखादी पाजणी काढून ठेवलेल्या किंवा वरच्या दुधावर निभवायची. ज्यांना आधी हा आजार झालाय त्यांच्यासाठी झोप ही चैन नाही, औषधासारखीच तिची वेळ नेमलेली असावी. यावरून घरात सगळ्यांत जास्त वाद होतात, म्हणून नवव्या महिन्यातल्या सेशनला त्या माणसालाही बसवते.

सल्ले थांबवायचं कामही त्याच माणसाचं. "आम्ही नाही का मुलं वाढवली" म्हणणाऱ्या सासूबाईंना, मावशींना उत्तर बाळंतिणीने का द्यायचं?

फोनवर जे होत नाही

थायरॉइड आणि हिमोग्लोबिन फोनवर कळत नाही. बाळंतपणानंतर थायरॉइड बिघडतं, रक्त कमी झालेलं असतं, आणि दोन्हींची लक्षणं नैराश्यासारखीच दिसतात. तेव्हा रक्त तपासून घ्या आणि रिपोर्टचा फोटो पाठवा. रक्तदाब, टाक्यांचं दुखणं, बाळाचं वजन, हे सगळं प्रत्यक्षच.

आणि सायकोसिस. हजार बाळंतपणांत एक-दोन जणींना होतो, बहुतेकदा पहिल्या दोन आठवड्यांत, आणि तासा-दिवसांत वाढतो. झोपेची गरजच न वाटणं, असंबद्ध बोलणं, आवाज ऐकू येणं, घरच्यांवर विलक्षण संशय, क्षणात हसू क्षणात रडू, गोंधळलेली नजर. यातलं काही दिसलं तर व्हिडिओच्या अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही. तुमच्या भागातल्या आपत्कालीन नंबरला फोन, नाहीतर थेट मोठ्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग. आईला आणि बाळाला तोवर एकटं सोडायचं नाही. मरणाचा बेत मनात ठरला असेल तरी हेच. वेळेवर उपचार झाले तर यातून बायका चांगल्या बऱ्या होतात. आपत्कालीन नंबर आजच फोनमध्ये टाका आणि घरातल्या दुसऱ्या माणसाच्याही फोनमध्ये टाका.

जमत नसेल तर

चार-पाच सेशननंतरही गुण हलत नसतील तर तसं तोंडावर बोला. "मला फरक वाटत नाहीये" हे ऐकायची आम्हाला सवय असते, नसली तर असायला हवी. पद्धत बदलता येते, औषध जोडता येतं, माणूस बदलता येतो. गोळ्यांचा थोडा फरक दोन आठवड्यांत जाणवू लागतो, पूर्ण परिणामाला सहा ते आठ आठवडे लागतात. त्याआधी "काही उपयोग नाही" म्हणून सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणूनही सोडू नका. बरं वाटल्यावर साधारण सहा महिने तरी चालू ठेवतात, मग डॉक्टर हळूहळू कमी करतात.

दुसरं मूल होणार असेल तरच ही तयारी करावी असं नाही. मूल चार वर्षांचं झालंय, पुढचं नकोय, तरी त्या दिवसांची आठवण छातीवर बसलेली असते, मुलाच्या वाढदिवसाच्या आसपास जास्तच, अशा आयाही फोन करतात. त्यांच्यासाठी वेळापत्रक लागत नाही, पण कागद लागतो. तो लिहिताना बऱ्याच जणी पहिल्यांदाच सगळं सलग सांगतात. गर्भपात झाला, पाळी जायचे दिवस आले, नवी हार्मोनची औषधं सुरू झाली, अशा वेळी तो कागद डॉक्टरांना दाखवा.

काम थांबवताना समुपदेशकाकडून तुमच्या नोंदींचा सारांश मागून घ्या: निदान, औषध, डोस, काय उपयोगी पडलं. किती वर्षं नोंदी ठेवतात आणि त्या नष्ट कशा करतात, तेही विचारा. आम्ही शहरं बदलतो, कंपन्या बंद होतात, ॲपची खाती हरवतात. तुमची प्रत तुमच्याकडेच असू द्या, आणि दुसरी त्या माणसाकडे, ज्याला तुम्ही माझ्याशी बोलायची परवानगी दिली होती.